इम्प्लांटचा साइज फोटो बघून ठरत नसतो

जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत आपल्या हिंगोलीचं नाव गाजलं. संजीवनी योजनेत सुमारे २ लाख ९३ हजार बायांना प्रश्नावली विचारली, १४,५४२ जणींत कॅन्सरसारखी लक्षणं दिसली. पुढच्या तपासणीत तोवर स्तनाचा कॅन्सर एकीलाच निघाला होता, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

पण स्तन काढावा लागला तर पुढं काय, यावर कुणी बोलतच नाही.

इम्प्लांट ब्लाउजच्या नंबरावर नाही, सीसीत मोजतात. साइज ठरतो छातीची रुंदी, कातडी किती ताणते अन् खाली मांस किती, यावर. रेडिएशन झालं असेल तर आणखी जपावं लागतं. झेपेल त्यापेक्षा मोठा बसवला की कातडी पातळ पडते, कडा दिसतात, परत ऑपरेशनची पाळी येते.

शिवाय तो जन्मभराचा नसतो. २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीला खरखरीत बायोसेल इम्प्लांट एका दुर्मिळ लिम्फोमामुळं जगभरातून परत घ्यावे लागले. २०२१ मध्ये अमेरिकेनं ऑपरेशनआधी रुग्णासोबत धोक्यांची यादी वाचणं सक्तीचं केलं.

मागणी साधी आहे. तशी यादी मराठीत छापा अन् सहीच्या आदल्या दिवशी तरी बाईच्या हातात द्या. छापायला लागतात किती पैसे?

अन् ताई-माईंनो, तुम्हीही विचारा: हाच साइज का? कंपनी कोणती? इम्प्लांटचं कार्ड मिळेल का? नाहीच बसवला तर? 'नको' म्हणणं हाही तुमचाच हक्क आहे.