लखोटा बंद, घरातला डबा मात्र उघडा!



पत्र फोडणे हा केवढा गुन्हा होता, हे टपाल खात्यातल्या बांधवांना सांगायला नको. १८९८ च्या टपाल कायद्यात पत्र फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती. (तो कायदा २०२४ च्या जूनमध्ये गेला.) १९८६ साली सरकारने पत्रे अडवण्याचे अधिकार वाढवणारे विधेयक संसदेत मंजूर करून घेतले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. एका लखोट्यासाठी या देशात एवढा झगडा झाला. आणि आज घराच्या भिंतीवर टांगलेल्या वायफायच्या डब्याबद्दल आपण चकार शब्द काढत नाही!

इटारसी असो की सिकंदराबाद, रेल्वे क्वार्टर्समध्ये हा राऊटर आता घरोघर दिसतो. जोडणीवाला पोरगा येतो, पासवर्ड म्हणून आपलाच मोबाईल नंबर टाकतो आणि निघून जातो. डब्याच्या आत शिरण्याची किल्ली, म्हणजे दुसरा पासवर्ड, बहुधा कंपनीकडेच राहतो. मी तो मागितला तर उत्तर मिळाले, "काका, तुम्हाला कशाला हवा?" भाडे माझे, वीज माझी, आणि किल्ली मला कशाला!

बऱ्याच कंपन्या टीआर-०६९ नावाच्या व्यवस्थेने दूर बसून हे डबे चालवतात. दुरुस्तीला ते सोयीचे आहे, मान्य. पण कंपनीसाठी ठेवलेले दार चोरालाही सापडते. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची जोडणी कोलमडली, ती देखभालीच्या याच वाटेवर झालेल्या हल्ल्याने.

कोणी म्हणेल, बँकेचे, व्हॉट्सअ‍ॅपचे सगळे कुलूपबंद असते. असते. मजकूर कंपनीला वाचता येत नाही. पण आर.एम.एस.मधल्या सॉर्टरला विचारा, पाकीट न फोडता नुसत्या पत्त्यांवरून किती कळते ते! कोणती साइट, किती वाजता, किती वेळ, हे कंपनीला सहसा दिसते. डिसेंबर २०२१ च्या परवाना-दुरुस्तीनुसार इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवणे कंपन्यांना बंधनकारक आहे.

"आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे?" असे म्हणणाऱ्यांनी मे १९७४ आठवावा. संपात हजारो रेल्वे कामगार तुरुंगात गेले. तेव्हा कोण कोणाकडे जातो हे पाहायला माणूस मागे लावावा लागे. आता रात्रपाळीहून आलेला पॉइंट्समन कोणत्या दुखण्याची साइट उघडतो, कोणता साथी कोणत्या संघटनेचे पान वाचतो, याचा माग घरबसल्या मिळतो.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. तरी संदेश अडवायला आजही गृहसचिवांची सही पुरते, न्यायाधीशाची लागत नाही. आणि २०२३ चा डेटा कायदा सरकारला आपल्याच यंत्रणांना सूट देण्याची मुभा देतो! कुंपणच शेत खाणार असेल तर दाद मागायची कोणाकडे?

म्हणून शाखांनी पुढच्या सभेत ठराव करावेत: राऊटरची किल्ली ग्राहकाला मिळावी, कंपनी दुरून काय बदलू शकते ते लेखी द्यावे, आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय नोंदी कोणालाही देऊ नयेत. ठराव होईपर्यंत वाट पाहू नका. मोबाईल नंबरचा पासवर्ड आजच बदला, डब्ल्यूपीएसचे बटण बंद करा. जमत नसेल तर शाखेतल्या एखाद्या तरुण साथीला घरी बोलवा.