तुळशीचा वैरी

"पाणी फार घालतेस, म्हणून गेली तुळस!" गेल्या श्रावणात सासूबाईंनी निकाल देऊन टाकला. बोरीवलीच्या आमच्या गॅलरीत तीन वर्षे डोलणारी तुळस आठ दिवसांत पिवळी पडली होती. मी बापडी गप्प बसले.

त्याच आठवड्यात वाळव्याहून भाऊजी आले. त्यांनी तुळस जरा ओढली मात्र, ती अलगद हातात आली. मुळे जवळजवळ नाहीतच! माती उकरली, तर आत अर्धचंद्रासारखी वळलेली, पांढरी, तांबूस डोक्याची अळी.

"वहिनी, ही हुमणी. आमच्या उसाची वैरीण. माझ्याच शेणखतातून आली असणार."

"फेकून दे मेलीला," सासूबाई म्हणाल्या. पण आमच्या चिरंजीवांना पुरावा हवा होता. दोन डब्यांत एकाच दिवशी मका पेरला. तोवर अळीला जुन्या मातीत बटाट्याची फोड दिली. रोपे वीतभर होताच एका डब्यात तिला सोडली. पाणी दोन्हींकडे सारखे, वाटीने मोजून. पंधराएक दिवसांत अळीच्या डब्यातली रोपे माना टाकून बसली, दुसरी हिरवीगार!

मात्र खतातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नव्हे हं! ती कागदावर ठेवून पाहा. पाठीवर सरपटू लागली, तर ती फुलांवर येणाऱ्या भुंग्याची. ती कुजका पालापाचोळा खाते. तिला मारू नका.

हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि उजाडण्यापूर्वी मातीत परततात. मादी मातीतच अंडी घालते. अळी पावसाळाभर मुळे कुरतडते, मग तिथेच कोष करते. वर्षाला पिढी एकच. म्हणून शेतकरी त्या संध्याकाळी फांद्या हलवून भुंगेरे वेचतात. पण ते साऱ्या गावाने मिळून करावे लागते. शेजारच्या शिवारातले भुंगेरे बांध थोडेच ओळखतात!

"पान पिवळे दिसते तेव्हा खाली मुळे संपलेली असतात, वहिनी. तेव्हा धावून उपयोग थोडा," भाऊजी निघताना म्हणाले. त्यांच्या उसाचा एक पट्टा तसाच गेला होता.

दसऱ्याला सासूबाईंनी नवे रोप आणले, खत चाळणीने चाळून घेतले, आणि तांब्या माझ्या हाती देत म्हणाल्या, "घाल बाई, तूच घाल पाणी."

कार्तिकात तिचे लग्न आहे. यायचं हं!