मुकाट्याने फेडणारे

परप्रांतातील आपल्या मंडळींच्या बैठकीत कर्जाचा विषय निघाला की आवाज आपोआप खाली येतात. बदलीच्या गावी राहणारा मराठी अधिकारी बढतीची बातमी चारचौघांत सांगेल, क्रेडिट कार्डाची थकबाकी मात्र पत्नीपासूनही लपवील. 'घेतले आहे ना? मग मुकाट्याने फेडावे,' असा उपदेश करणारे वडीलधारेही आमच्यात पुष्कळ आहेत. फेडावे, याविषयी आमचा वाद नाही. आमचा वाद आहे तो 'मुकाट्याने' या शब्दाशी.

वसुलीवाल्याचा धंदा याच शब्दावर चालतो. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांना एजंटाने फोनवर इतकेच म्हटले, "साहेब, उद्या आपल्या वरिष्ठांशीच बोलतो." गृहस्थांनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढली आणि भरली. हिशेब मागण्याचे धैर्य काही त्यांना झाले नाही. महिन्याभरात फोन पुन्हा सुरू!

हिशेब मागितला असता तर काय दिसले असते? लाख रुपयांच्या थकबाकीवर महिना साडेतीन टक्के व्याज धरले तर साडेतीन हजार होतात. त्यावर अठरा टक्के कर, म्हणजे सहाशे तीस. पाच हजार भरून समाधानाने झोपी जाणाऱ्याचे मूळ कर्ज जेमतेम आठशे सत्तर रुपयांनी उतरते. सुप्याच्या रयतेने १८७५ साली सावकारांची खतेच जाळली, कारण सावकाराचे बळ कागदात आहे हे तिने ओळखले होते. आम्ही शिकलेले लोक मात्र कागद पाहायलाही मागत नाही.

कोणी नादारीची वाट सुचवितात. सरकारी नोकराला ती वाट कशी, हे त्यांनी सांगावे. केंद्रीय नोकरांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील सतरावा नियम नादारी आणि नित्याचा कर्जबाजारीपणा टाळण्यास बजावतो. कर्जवसुलीची किंवा नादारीची कारवाई न्यायालयात सुरू झाली, तर सर्व हकीकत सरकारला ताबडतोब कळविण्याचे बंधन घालतो. पण एजंटाचा फोन म्हणजे न्यायालयीन कारवाई नव्हे, हा भेद कायदा कोळून प्यालेले अधिकारीसुद्धा स्वतःवर वेळ आली की विसरतात! थकबाकी हा दिवाणी मामला आहे. लबाडीची किंवा न वटलेल्या धनादेशाची गोष्ट निराळी. उद्या हुकूमनामा झालाच, तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाप्रमाणे पगारातील पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीबाहेर राहतात. सरकारी निवृत्तिवेतनालाही तेथे संरक्षण आहे.

आणि एजंटाला तरी मोकळे रान कोठे आहे? सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, धमकावू नये, कुटुंबीयांच्या व मित्रांच्या खाजगी जीवनात शिरू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले. दारात आलेल्याकडे बँकेचे अधिकारपत्र मागावे. फोनची तारीख व वेळ टिपून ठेवावी. बँकेला लेखी तक्रार द्यावी. तीस दिवसांत उत्तर न आले किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तडजोड ठरली तर रकमेचे पत्र आधी हाती घ्यावे, पैसे नंतर द्यावेत, आणि तेही बँकेच्याच खात्यात. अर्थात, पूर्ण रक्कम न भरता केलेली तडजोड पतपत्रिकेत डाग म्हणून राहते आणि पुढच्या कर्जाच्या वेळी आडवी येते. म्हणून पगार चालू असणाऱ्याने प्रथम हप्ते बांधून मागावेत, सूट नंतर.

आमच्या त्या गृहस्थांनी अखेर दोन गोष्टी केल्या. कार्ड कापून टाकले, आणि वरिष्ठांना स्वतःच जाऊन सगळे सांगितले. वरिष्ठांनी ऐकून घेतले, चहा मागविला. पुढच्या फोनला गृहस्थांनी वरिष्ठांच्या खोलीचा क्रमांक आपणहून सांगितला! त्यानंतर बँकेशी जो व्यवहार झाला तो पत्रांनी झाला. अजून अकरा हप्ते बाकी आहेत.