गल्लीतल्या मुलांची यादी

साथीचं नाव निघालं की आपलं लक्ष आधी फडताळाकडे जातं. गहू-तांदूळ किती उरलेत, गॅसची टाकी केव्हा लावली, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या किती दिवस पुरतील! २०२० च्या मार्चमध्ये आपण सगळ्याच जणींनी असल्या याद्या केल्या आणि त्या उपयोगीही पडल्या. आज आणखी एका यादीविषयी लिहायचं आहे. आपल्या गल्लीत, वाड्यात, कॉलनीत राहणाऱ्या मुलांची ही यादी. साथ नसताना, निवांतपणी करून ठेवायची.

तुम्ही म्हणाल, ज्याच्या त्याच्या मुलांना आईबाप आहेत, आपण कशाला यादी करायची? खरं आहे. पण साथीच्या दिवसांत आपण जे गृहीत धरतो तेच आधी कोलमडतं. आई दवाखान्यात, बाप विलगीकरणात, आजी गावाला आणि गाड्या बंद. अशा वेळी चार वर्षांच्या पोराला दूध कोण देणार, हा प्रश्न सरकारदरबारी पोहोचायला दोन दिवस लागतात. शेजारणीला तो दोन मिनिटांत कळतो.

कोरोनाने लहान मुलांच्या शरीराला मोठ्यांच्या मानाने कमी त्रास दिला, हे आता आपल्याला ठाऊक आहे. पण मुलाचं जग म्हणजे आईबाप, शाळा, दुपारची खिचडी, अंगणवाडीतली ताई, लसीचा दिवस. साथीत यातलं एकेक बंद पडत गेलं. खाऊनपिऊन सुखी घरातली मुलं कंटाळली, मोबाइलला चिकटली. जिथे आधीच ओढाताण होती, तिथे मात्र मुलांचं फार मोठं नुकसान झालं.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचंच पाहा ना. या दोन जिल्ह्यांत आदिवासी विकास विभागाची गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर अशी पाच प्रकल्प कार्यालयं आहेत. त्यांच्या आश्रमशाळांत राहून शिकणारी मुलं साथ येताच घरी पाठवली गेली. आश्रमशाळा बंद म्हणजे नुसता अभ्यास बंद नव्हे. दोन वेळचं जेवण, कपडे, आजारी पडलं तर दवाखान्यात नेणारं माणूस, सगळंच बंद. त्यात मोबाइलला रेंज नाही अशी कितीतरी गावं. शिक्षण मोबाइलवर गेलं आणि ही मुलं गुरं राखायला, मोहफुलं वेचायला गेली.

उन्हाळ्याच्या तोंडाला इकडची कितीतरी कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा ती तिकडेच अडकली आणि मग पोराबाळांना घेऊन पायी निघाली. शेजारच्या छत्तीसगडमधली बारा वर्षांची एक मुलगी अशीच मिरचीच्या शेतातून चालत निघाली होती. एप्रिलमध्ये, घर थोडंसंच राहिलं असताना, वाटेतच तिचा जीव गेला. तपासणीत तिला कोरोना निघाला नाही. मैत्रिणींनो, साथ मुलांचा जीव कसा कसा घेते, हे त्या एका पोरीवरून समजावं.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू.

पहिली गोष्ट, श्वास मोजायला शिका. ही विद्या गडचिरोलीनेच साऱ्या देशाला दिली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ पासून खेड्यातल्या आरोग्यसेवकांना आणि दाईंनाही बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना आकडे मोजता येत नाहीत, त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मण्यापाशी पोहोचलं, तर न्यूमोनिया समजून उपचार सुरू करायचे. पुढे नवजात बाळांचीही घरच्या घरी अशीच काळजी घेण्याची पद्धत त्यांनी बसवली. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई हेच काम करू लागल्या. दाईला जे जमलं ते आपल्याला का जमू नये?

रीत सोपी आहे. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगातलं झबलं वर करा आणि घड्याळ लावून पुरतं एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीच्या फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, मूल दूध ओढत नसेल, झटके येत असतील किंवा हाक मारूनही जागं होत नसेल, तर मोजत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.

ताप आला की सगळे कोरोना-कोरोना करत होते. पण गडचिरोली हा राज्यात हिवतापाने सर्वाधिक ग्रासलेला जिल्हा. जंगलाकडच्या गावाहून आलेल्या मुलाला थंडी वाजून ताप भरला, तर साथ कुठलीही असो, हिवतापासाठी रक्त तपासून घ्या. आशाताईकडे आणि सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. “ताप हाये जी, पण खेळून राह्यली,” असं कुणी म्हणालं तरी थांबू नका.

दुसरी गोष्ट, लसीचं कार्ड. २०२० मध्ये लसीकरणाची घडी विस्कटली, कितीतरी बाळांचे डोस राहिले. त्याची किंमत पुढे मोजावी लागली. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात, तसंच मालेगाव आणि भिवंडीत गोवर पसरला आणि मुलं दगावली. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पुरे झाल्यावर एकदा आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसऱ्यांदा द्यायची असते. राहिली असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येते. आपल्या मुलाचं कार्ड आपण जपतोच. पण धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या नातवाचं कार्ड कधी पाहिलंत? विचारून तर बघा. कार्ड हरवलं असेल, तर बाळाला घेऊन आरोग्य केंद्रात जायला सांगा. “कार्ड नाही तर रागावतील” या भीतीनेच कित्येक आया घरी बसतात.

तिसरी गोष्ट, एक चिठ्ठी. आपल्याला अचानक दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, तर मुलं कुणाकडे राहतील? नाव, फोन, मुलाची औषधं, त्याला काय खाऊन त्रास होतो, रात्री काय घेऊन झोपतो, एवढं कागदावर लिहा आणि एक प्रत शेजारणीकडे द्या. तिची चिठ्ठी आपल्याकडे ठेवा. हे बोलायला अभद्र वाटतं खरं. पण प्रवासाला निघताना आपण किल्ली शेजारी देतोच की!

चौथी गोष्ट फार महत्त्वाची आहे, बरं का. २०२१ च्या उन्हाळ्यात, दुसरी लाट भरात असताना, फोनवर निरोप फिरत होते. “दोन महिन्यांची मुलगी, आईवडील कोरोनाने गेले, कुणाला दत्तक हवी असल्यास संपर्क करा.” वाचून कुणाचाही जीव कळवळेल. पुढे पाठवणाऱ्या बायका पुण्य समजूनच पाठवत होत्या. पण अशा निरोपांच्या आड मुलं विकणाऱ्यांचं फावतं. आपल्याकडे दत्तक असं परस्पर देता-घेता येत नाही. अनाथ मुलाचं दत्तक फक्त ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या ठरलेल्या रीतीनेच होतं, बाकी सारं कायद्याने गुन्हा. अशा मुलाचा फोटो नि नाव फिरवणं हेसुद्धा बेकायदेशीर आहे.

मग करायचं काय? १०९८ हा क्रमांक फिरवायचा. दहा-नऊ-आठ, असा लक्षात ठेवा. मुलांच्या मदतीची ही फोनसेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि २०२३ पासून ती सरकारच चालवतं. फोन फुकट लागतो, दिवसरात्र लागतो. एकटं पडलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे न्यायचं, असा २०१५ चा कायदा सांगतो. मुलाने कुठे राहायचं ते ही समिती ठरवते. आत्या, मामा, आजी असतील तर आधी त्यांचाच विचार होतो. भावंडांची ताटातूट होऊ नये म्हणून आपणही समितीपुढे जाऊन बोलू शकतो.

आता कागदांविषयी. इथे आपल्यासारख्या चार यत्ता शिकलेल्या बायकांची खरी गरज आहे. महाराष्ट्रात कोरोनाने सुमारे दीड लाख माणसं गेल्याची नोंद आहे. ज्या मुलांचे दोन्ही पालक गेले, त्यांच्या नावे राज्य सरकारने २०२१ मध्ये पाच लाखांची ठेव ठेवायचं ठरवलं. केंद्राने त्याच वर्षी पीएम केअर्समधून मूल तेवीस वर्षांचं होईल तेव्हा दहा लाख देण्याची योजना आणली. विधवा बायकांसाठी ‘मिशन वात्सल्य’ आलं. चांगलं झालं. पण या साऱ्याला मृत्यू कोरोनानेच झाला असा कागद लागत होता. आता सांगा, दूरच्या पाड्यावर तापाने फणफणून घरीच गेलेल्या माणसाची तपासणी कुणी केली होती? त्याचा मृत्यू कागदावर कोरोनाचा झालाच नाही. मग त्याच्या पोरांचं काय?

त्या पोरांसाठी एक वाट आहे आणि ती आजही उघडी आहे. बालसंगोपन योजना! तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं आहे. बाप किंवा आई कशाने गेली, हे ती विचारत नाही. एकच पालक उरलेलं, दोन्ही गमावलेलं किंवा पालक दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेलं, अशा गरजू मुलाला अठरा वर्षांचं होईपर्यंत घरीच राहून मदत मिळते. २०२३ पासून ही रक्कम महिन्याला २,२५० रुपये आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधारकार्ड, शाळेचा दाखला, बँकेचं पासबुक आणि फोटो जवळ ठेवायचे.

यात अडतं कुठे, तर मृत्यूच्या दाखल्यापाशी. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करावी, पैसे पडत नाहीत. उशीर झाला तरी नोंद होते, फक्त हेलपाटे वाढतात. दुःखातल्या बाईला हे सुचत नाही. तेराव्याला जाल तेव्हा डोळे पुसताना एवढं हळूच विचारा, “वहिनी, नोंद झाली का? नसेल तर उद्या मी येते बरोबर.” फळांच्या पिशवीपेक्षा या सोबतीचा तिला अधिक आधार होईल.

शेवटी मुलींविषयी, थोडं कडू वाटलं तरी. साथीत शाळा सुटली की दोन गोष्टी होतात. एक तर “पन्नास माणसांत उरकतं” म्हणून पोरीचं लग्न लावून देतात. अठरा वर्षांच्या आत असेल तर हेही १०९८ ला कळवता येतं. खेड्यात ग्रामसेवकावर असं लग्न थांबवण्याची जबाबदारी आहे. दुसरं म्हणजे बाप गेलेली पोर शहरात कुणाच्या तरी घरी कामाला येते. “खाऊनपिऊन राहते, आपल्याच मुलीसारखी आहे,” असं आपण म्हणतो. चौदा वर्षांखालच्या मुलीला घरकामाला ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, हे तर झालंच. पण आपल्याच मुलीसारखी असेल तर सकाळी दहाला ती कुठे असते? आपली मुलगी त्या वेळी शाळेत असते.

सावित्रीबाईंचं नाव योजनेला उगाच नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवलं आणि त्यातच त्यांना प्लेग झाला, असं सांगतात. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. ते मूल त्यांच्या नात्यातलं नव्हतं.

आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. या आठवड्यात एक वहीचं पान घ्या. गल्लीतली मुलं, त्यांची वयं, घरी कोण कोण आहे, कुणाला एकच पालक आहे, कुणाची लस राहिली, कुणाची आजी एकटीच सांभाळते, एवढं लिहा. वरच्या कोपऱ्यात १०९८ आणि आशाताईंचा फोन. पान चारचौघांत दाखवायचं नाही, आपल्याजवळच ठेवायचं. आणि ज्या नावापाशी पेन अडखळेल, त्या घरी उद्या दुपारी जेवणं आटोपल्यावर जाऊन या.