सही कुणाची, मजकूर कुणाचा?

आम्ही पडलो शाळामास्तर. पेपर तपासताना दोन उत्तरपत्रिकांत एकच चूक, तीही त्याच ओळीत दिसली, की आम्हाला कुणी काही सांगावे लागत नाही. कुणी कुणाचे पाहून लिहिले एवढेच शोधायचे उरते. मग निरनिराळ्या आरोपींचे कबुलीजवाब जागोजागी शब्दाला शब्द जुळत होते, हे न्यायाच्या पदरी पडायला एकोणीस वर्षे का लागावीत?

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे घरी परतली नाहीत. २०१५ साली मोक्का न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. पाचांना फाशी, सातांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला फाशीची शिक्षा झालेला एक जण तो निकाल ऐकायला नव्हता. २०२१ मध्ये तो नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने वारला होता.

‘पुराव्याच्या तांत्रिक चुकीने सुटले’ असे म्हणणाऱ्यांनी तो निकाल जरा उघडून पाहावा. टॅक्सीवाल्यांना शंभराहून अधिक दिवसांनी अचानक चेहरे आठवले. ओळखपरेड ज्याने घेतली त्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. बॉम्ब कोणत्या जातीचा होता हेदेखील सरकारपक्षाला सांगता आले नाही. आणि कबुलीजवाब मारहाण करून घेतल्याचे आरोपींचे म्हणणे न्यायालयाला पटण्यासारखे वाटले. याला तांत्रिक चूक म्हणायचे असेल तर पायाच नसलेल्या घरालाही तांत्रिक दोष म्हणावे लागेल!

मूळ दुखणे कायद्यात आहे. एरवी पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा होत नाही. हा नियम इंग्रजांनीसुद्धा पाळला, कारण आपल्या पोलिसांना ते ओळखून होते. टाडाने १९८७ साली तो मोडला, पोटाने २००२ साली पुन्हा मोडला. ते दोन्ही कायदे गेले. पण १९९९ च्या मोक्कात कलम १८ आहे, आणि पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने लिहून घेतलेली कबुली त्यानुसार न्यायालयात चालते. जो पकडतो त्याच्याच खात्यातला माणूस लिहून घेतो. मग तपास कशाला करायचा? सही मिळाली की तपास संपला.

या खटल्यात तेरावा आरोपी होता अब्दुल वाहिद शेख, आमच्यासारखाच शिक्षक. त्याचा असा कबुलीजवाब नव्हता. २०१५ साली तो सुटला, पण नऊ वर्षे आत काढून. ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक त्याने उर्दूत लिहिले.

आता थोडे आपल्या घरातले. निकाल लागला तेव्हा मोहल्ल्यात ‘बाइज्जत बरी’ म्हणून मिठाई वाटणाऱ्यांत आम्हीही होतो. पण अशा घरांवर पोलिसांची गाडी येऊन गेली की सलाम घेणे कोणी सोडले? त्यांच्या मुलींच्या सोयरिकी कोणी मोडल्या? वकिलाच्या फीसाठी वर्गणी मागायला आलेल्या म्हाताऱ्याला दारातूनच कोणी परत पाठवले? तेही आम्हीच. ‘काहीतरी असेल, उगाच कोण कशाला उचलेल?’ हे वाक्य आम्ही शिक्षकांच्या खोलीत स्वतःच्या कानांनी ऐकले आहे आणि गप्प बसलो आहोत.

२४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून धरू नये. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात बोलावले नाही. नाहक खटल्यात अडकवलेल्यांना भरपाई मिळावी असे विधी आयोगाने २०१८ सालीच सुचवले होते. निकाल लागला तेव्हा तसा कायदा नव्हता. आणि लोकलमध्ये ज्यांची माणसे गेली त्यांच्यापुढे आता आरोपी म्हणून कुणाला उभे करणार? खोट्या सह्यांनी त्यांचीही फसवणूकच झाली.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कलम १८ काढा. कबुली द्यायचीच असेल तर ती न्यायाधीशापुढे द्यावी, वकील शेजारी बसलेला असताना.