रागूचं व्हर्जन २.०

पास्त्यावर घालायच्या खिम्याच्या सॉसची चक्क सरकारदरबारी नोंद आहे, हे तुम्हाला माहीत होतं का? चेष्टा नाही. १७ ऑक्टोबर १९८२ रोजी 'आकादेमिया इतालियाना देल्ला कुचिना' या १९५३ साली स्थापन झालेल्या संस्थेने 'रागू अल्ला बोलोन्येझे'ची रेसिपी बोलोन्या शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे रीतसर जमा केली. आणि २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्तीही जमा केली. म्हणजे व्हर्जन १.० आणि २.०, मध्ये ४१ वर्षं. आपल्याकडे एवढ्या काळात एखादी मॅनेजमेंट चार वेळा सगळं नव्याने लिहायला लावते!

आता ह्यावर दोन प्रकारची मंडळी भेटतात. पहिली कट्टर: नोंदलंय तेच खरं, बाकी सगळं पाप. दुसरी बिनधास्त: अहो स्वयंपाक आहे तो, चवीला चांगलं लागलं की झालं! मला दोघांचंही पटत नाही.

आधी कट्टरांचं घेऊ. ते ज्याला 'मूळ' म्हणतात ते सतत बदलत आलंय. पेल्लेग्रीनो आर्तुझीने १८९१ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात 'बोलोन्या पद्धतीची माकारोनी' दिली आहे, तिच्यात टोमॅटो अजिबात नाही. १९८२ च्या रेसिपीत ३०० ग्रॅम बीफला टोमॅटो सॉस फक्त पाच चमचे. २०२३ मध्ये ४०० ग्रॅम बीफला २०० ग्रॅम टोमॅटोचा गाळलेला रस आणि वर चमचाभर घट्ट अर्क. १९८२ मध्ये ग्लासभर दूध होतं, २०२३ मध्ये ते अर्धा ग्लास झालं, तेही ऐच्छिक. तेव्हा 'आमच्या पणजीपासून असंच चालत आलंय' हा दावा बोलोन्यातसुद्धा टिकत नाही.

मग बिनधास्त मंडळींचं बरोबर का? तर नाही. कारण २०२३ च्या आवृत्तीतला माझ्या मते सगळ्यात वाचनीय भाग म्हणजे काय चालेल आणि काय चालणार नाही याची यादी. चालेल: थोडं जायफळ, कोंबडीची काळीज-पेटी, मटार, सुकवलेले पोर्चिनी मश्रूम. चालणार नाही: लसूण, रोझमेरी, पार्स्ली, धुरावलेलं बेकन, नुसतं पोर्क, वाईनऐवजी ब्रँडी, दाटपणासाठी मैदा.

लसूण नाही म्हटल्यावर आपला मराठी माणूस अर्धा मेलाच. खिमा आणि आलं-लसूण पेस्ट नाही? पण जरा थांबून बघा. कांदा, गाजर आणि सेलरी प्रत्येकी साठेक ग्रॅम, बारीक चिरून, डुकराच्या पोटाकडच्या १५० ग्रॅम चरबीवाल्या मांसात मंद परतायचं. त्यातून येणारा गोडसर, खोल वास हाच ह्या सॉसचा पाया आहे. दोन लसूणपाकळ्या टाका, सगळ्यात आधी लसूणच बोलायला लागेल. यादीतला प्रत्येक 'नाही' कुठल्यातरी 'आहे'ला जागा करून देतो. उत्तम एपीआय डिझाईनही असंच असतं, नाही का?

पुढची कृती सोपी आहे. बीफचा जाडसर खिमा घालून पाणी आटून चरचर आवाज येईपर्यंत परता. ग्लासभर वाईन घालून उडू द्या. टोमॅटो घाला. मग अगदी मंद आचेवर, लागेल तसं गरम स्टॉक घालत, दोन-तीन तास. दूध घालणार असाल तर अर्ध्या वाटेवर. त्याने टोमॅटोचा आंबटपणा बसतो.

'कुकरला चार शिट्ट्या काढल्या तर?' हा प्रश्न येणारच. कुकरमध्ये मांस लवकर शिजेल, त्यातल्या चिवट भागाचं जिलेटिनही होईल. पण बंद भांड्यात पाणी आटत नाही, आणि ह्या सॉसची निम्मी चव आटण्यात आहे. मोठ्या आचेवर आटवायला गेलात तर खिमा वातड होतो. थोडक्यात, हे काम पॅरलल करता येत नाही. तीन तास म्हणजे तीन तास. मात्र त्यातली पावणेतीन तास तुम्ही पुस्तक घेऊन पडू शकता, अधूनमधून ढवळलं की झालं.

तर माझं म्हणणं एवढंच, की नाव हा करार आहे. हा करार मोडला की काय होतं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. कुठल्याही हायवेवरच्या हॉटेलात 'व्हेज कोल्हापुरी' मागवा. लालभडक रंग आणि जाळ, संपलं! तांबड्या-पांढऱ्या रश्श्यामागचं भाजलेलं वाटण, मटणाचा स्टॉक, सगळं त्या एका शब्दातून गळून पडलं. 'स्पॅगेटी बोलोनेझ'चं जगभर अगदी हेच झालंय. बोलोन्यात रागू खातात ती ताल्यातेल्लेबरोबर, म्हणजे अंड्याच्या रुंद, खरखरीत पट्ट्यांबरोबर. त्यांना सॉस चिकटतो. गुळगुळीत स्पॅगेटीवरून खिमा घसरून तळाशी बसतो. २०१९ मध्ये तिथले महापौर वैतागून म्हणाले होते की स्पॅगेटी बोलोनेझ ही फेक न्यूज आहे. लोक हसले. मला मात्र त्यांचं दुःख कोल्हापूरकराचं वाटलं.

आणि बदल करायचाच असेल तर? खुशाल करा! महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैलाचं मांस कायद्याने बंद आहे, शिवाय आपल्यातले बरेच जण बीफ किंवा पोर्क खातच नाहीत. मटणाचा खिमा घ्या, पण मग त्याला 'बोलोन्येझे' म्हणू नका. इटलीतच अब्रुत्सोत कोकराची रागू करतात, तोस्कानात रानडुकराची, नापोलीत तर मांसाचे अख्खे तुकडे तासन्‌तास शिजवतात. कोणीच बोलोन्याचं नाव चोरत नाही. सगळे सरळ फोर्क करतात, वेगळ्या नावाने. असं केलं की लसूणही घालता येतो, कोणाची परवानगी लागत नाही.

फक्त, फोर्क करायच्या आधी मूळ कोड एकदा तरी चालवून बघावा. जमत असेल त्यांनी एका रविवारी व्हर्जन २.० जसंच्या तसं करावं, एकही मसाला न घालता. काय काढायचं आणि काय घालायचं ते त्यानंतर ठरवावं.