आलपाकाची लोकर : वस्त्र आणि वारसा

आपल्याकडील जुन्या मंडळींच्या बोलण्यात 'आलपाकाचा कोट' हा शब्दप्रयोग वरचेवर येत असे. वकील, मास्तर, कारकून असे गृहस्थ कामावर जाताना हा काळा, तुळतुळीत कोट अंगात चढवीत. परंतु आलपाका हे गिरणीचे नाव, गावाचे की प्राण्याचे, असे आम्ही वर्गात विचारले तेव्हा एकाही विद्यार्थ्यास उत्तर देता आले नाही. शब्द राहिला, कोट गेला. आणि त्या कोटामागची माणसे तर आपणांस कधी ठाऊकच नव्हती. त्या माणसांविषयी चार शब्द लिहावे, असे आम्हांस वाटते.

आलपाका हा उंटाच्या कुळातील, परंतु मदार नसलेला प्राणी होय. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावर, मुख्यत्वे पेरू व बोलिव्हिया या देशांत, सुमारे ४००० मीटर उंचीच्या माळांवर त्याचे कळप चरतात. तेथे दिवसा ऊन भाजून काढते आणि रात्री पाणी गोठते. अशा हवेत वाढलेल्या या लोकरीचे गुणही तसेच आहेत. तिचे पुष्कळ तंतू आतून पोकळ असतात. त्या पोकळीत हवा कोंडून राहते, म्हणून वस्त्र हलके असूनही ऊबदार होते. तंतूंवरील खवले मेंढीच्या लोकरीपेक्षा सपाट असतात, म्हणून ती अंगाला कमी बोचते व तिला तकाकी येते. तेलकटपणाही तीत अगदी थोडा. दोष सांगावयाचा तर तिला लवचिकता कमी. विणलेला स्वेटर काही काळाने सैल पडतो, म्हणून तीत पुष्कळदा मेंढीची लोकर मिसळतात.

पण हे सारे गुण केवळ निसर्गदत्त आहेत, असे समजणे ही मोठी चूक ठरेल. विकुन्या नावाच्या रानटी प्राण्याला अँडीजमधील लोकांनी सहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळविले आणि पिढ्यान् पिढ्या निवड करीत त्यातून आलपाका घडविला. इंका राजवटीत मऊ लोकरीपासून 'कुंबी' नावाचे तलम वस्त्र विणीत. त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच सुबक असत. राजा ते मानाची भेट म्हणून देई, आणि देवापुढे ते अग्नीत अर्पणही करीत.

१५३२ साली स्पॅनिश आक्रमण झाले. पुढील शतकभरात कत्तल, रोगराई आणि परक्या मेंढ्यांची चराईवरील गर्दी यांमुळे बहुतेक कळप नाहीसे झाले. साथींनी व छळाने गुराखीही मेले. काय गमावले याचा पुरावा दक्षिण पेरूतील एल याराल येथे सापडला. तेथे पुरलेल्या, सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची शरीरे कोरड्या हवेमुळे लोकरीसकट टिकून राहिली होती. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांतील काही आलपाकांची लोकर सुमारे १८ मायक्रॉन जाडीची, म्हणजे आजच्या बहुतेक आलपाकांपेक्षा बारीक व अधिक एकसारखी आढळली. विद्यार्थिमित्रहो, येथे क्षणभर थांबा. प्राणी उरला, पर्वत उरला, गवतही उरले. नाहीशी झाली ती पारखणारी नजर.

पुढे १८३६ च्या सुमारास टायटस सॉल्ट या इंग्रज कारखानदाराने लिव्हरपूल बंदरात पडून राहिलेले आलपाकाचे गठ्ठे विकत घेतले. उभे सूत कापसाचे आणि आडवे आलपाकाचे, अशी चकचकीत कापडे त्याने विणविली. अशा कापडांचा बोलबाला झाला आणि ते नाव आपल्याकडील कोटापर्यंत येऊन पोचले. सॉल्टच्या नावाने वसलेले सॉल्टेअर गाव आज जागतिक वारशाच्या यादीत आहे. गिरणीचा हा गौरव योग्यच; पण गुराख्याचे काय? व्यापारी वर्षानुवर्षे त्याची लोकर पुष्कळदा निव्वळ वजनावर घेत आले. बारीक तंतूस अधिक भाव नसेल, तर त्याने निवडीचे कष्ट कोणासाठी घ्यावे? या लोकरीच्या वीसहून अधिक नैसर्गिक छटा मानल्या जातात. परंतु पांढरी लोकर हवा तो रंग घेते म्हणून गिरण्यांनी पांढरीच मागितली, आणि रंगीत प्राणी कमी होत गेले.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२४ हे वर्ष उंटकुळातील प्राण्यांचे म्हणून साजरे केले, हे चांगलेच झाले. परंतु आमचे मत असे की, वारसा उत्सवाने टिकत नाही. तो रोजच्या कामाने आणि त्या कामाच्या योग्य मोलाने टिकतो. जो कसब जाणतो त्याचे पोट त्या कसबावर भरले पाहिजे. नाहीतर पुढची पिढी ते शिकणार नाही, आणि त्यात तिचा दोषही नसेल.

आम्हां गोमंतकीयांस लोकरीचे वस्त्र क्वचितच लागते. तथापि वस्त्र कोणतेही असो, ते अंगावर घालताना 'हे कोणी पिकविले, कोणी विणले, आणि त्याला काय मिळाले?' एवढा प्रश्न मनाशी विचारण्याची सवय आमच्या विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी. आलपाकाचा कोट घालणाऱ्यांनी तो विचारला नाही. आपण विचारू या.